कावळा, फांदी आणि सुरवंट

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण नेहमी म्हणतो आणि म्हणताना हसतो. पण प्रत्यक्षात फांदी मोडली की आपण पहिल्यांदा कावळ्यालाच धरतो! दूध नासले की काल घरी कोण आले होते ते आठवते. पेपर सोपा गेला की त्या दिवशीचे पेन भाग्याचे ठरते. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, की पहिली दुसरीचे कारण असलीच पाहिजे असे मन म्हणते. मनाची ही खोड मोडण्यासाठी विज्ञानाने एक साधी रीत शोधून काढली आहे. ती आपल्या शाळांतून नीट शिकवली जात नाही, अशी माझी तक्रार आहे. ही तक्रार मी एका घोड्यांच्या मुलखातल्या एका वर्षाच्या आधाराने मांडणार आहे.

तो मुलूख म्हणजे अमेरिकेतील केंटकी राज्य आणि ते वर्ष २००१.

सगळ्यांचा वाढदिवस एकच

केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराभोवती ‘ब्लूग्रास’ नावाचा प्रदेश आहे. तेथे जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. त्यामुळे तेथील पाण्यात आणि गवतात कॅल्शियम चांगले असते. असे गवत खाऊन घोड्यांची हाडे बळकट होतात, अशी या भागाची ख्याती आहे. शर्यतीच्या ‘थरोब्रेड’ जातीच्या घोड्यांची पैदास हा येथला मोठा धंदा. आपल्याकडे पुण्याच्या परिसरातही या जातीची पैदास करणारी स्टड फार्म्स आहेत, पण ब्लूग्रासमध्ये ती मैलोन्‌मैल एकाला एक लागून पसरलेली आहेत.

या धंद्याचे वर्ष मोठे मजेशीर असते. शर्यतींच्या सोयीसाठी असा नियम केलेला आहे, की उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजायचे. शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो की मेमध्ये, येत्या १ जानेवारीला ते एक वर्षाचे होणार. तेव्हा लवकर जन्मलेल्या शिंगराला बरोबरीच्यांपेक्षा चार महिने जास्त वाढायला मिळतात, हे उघड आहे. म्हणून शिंगरू वर्षाच्या आरंभी जन्मावे अशी प्रत्येक मालकाची धडपड असते.

पण घोडीच्या शरीराला हे कॅलेंडर मान्य नसते! घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एरवी ती माजावर येते ती दिवस मोठे होऊ लागल्यावर, म्हणजे वसंतात. त्यामुळे शिंगरू पुढच्या वसंतात, कोवळे गवत उगवते तेव्हा जन्मते. निसर्गाचा हा हिशेब बदलण्यासाठी माणसाने साधी युक्ती केली. डिसेंबरपासून तबेल्यात संध्याकाळी दिवे लावून ठेवायचे, म्हणजे घोडीला रोज सुमारे सोळा तास उजेड मिळतो. अंधारात तयार होणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक मग कमी काळ स्रवते, ‘दिवस मोठा झाला’ असा निरोप मेंदूला पोचतो आणि घोडी लवकर माजावर येते. फेब्रुवारीच्या मध्यावर जोड लावण्याचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो.

आता एप्रिलअखेरचे चित्र डोळ्यांपुढे आणा. काही घोड्यांचे दिवस भरत आलेले आहेत आणि त्या आज-उद्या विणार आहेत. दुसऱ्या काही घोड्या नुकत्याच, महिना-दोन महिन्यांपूर्वी, गाभण राहिल्या आहेत. म्हणजे या वर्षाचे पीक आणि पुढल्या वर्षाचे पीक ही दोन्ही एकाच कुरणात उभी! नेमक्या याच आठवड्यांत २००१ साली घाला पडला.

एप्रिलअखेरची आपत्ती

एप्रिलच्या शेवटी पशुवैद्य नेहमीप्रमाणे घोड्यांची अल्ट्रासाउंड तपासणी करत होते. गर्भाभोवतीचे पाणी पडद्यावर एरवी स्वच्छ काळे दिसते. अनेक घोड्यांत ते गढूळ दिसू लागले. काही गर्भ मेलेले आढळले. त्याच सुमारास दिवस भरत आलेल्या घोड्या मेलेली किंवा अगदी अशक्त शिंगरे टाकू लागल्या. ५ मे रोजी लुईव्हिल शहरात केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत व्हायची होती. तिकडे तिची धामधूम चालू असताना इकडे लेक्सिंग्टनच्या पशुरोग निदान केंद्रात तपासणीसाठी मेलेल्या शिंगरांची रीघ लागली होती.

काही आठवड्यांतच तीन हजारांहून अधिक घोड्यांचा गाभ गेला, असा अंदाज आहे. म्हणजे त्या भागातल्या गाभण घोड्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश. नुकसान सुमारे ३३ कोटी डॉलरचे धरले जाते. एवढी मोठी रक्कम ऐकली की श्रीमंत मालक डोळ्यांपुढे येतो. पण रात्र-रात्र तबेल्यात जागणारा मोतद्दार, चारा विकणारा शेतकरी, गावातला नालबंद, अशा कितीतरी जणांचे पोट या शिंगरांवर अवलंबून होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मेलेल्या गर्भांची तपासणी केली तेव्हा नाळेला आणि वारेला सूज दिसली. तेथे काही जिवाणूही सापडले. पण ते जिवाणू ओळखीचे होते! घोड्याच्या तोंडात आणि आतड्यात ते एरवी गुण्यागोविंदाने राहतात. त्यांनी अचानक गर्भापर्यंत मजल कशी मारली, ते कोणालाच कळेना. त्याच दिवसांत काही घोड्यांच्या हृदयाभोवतीच्या आवरणाला, तर काहींच्या एकाच डोळ्याला सूज आल्याचे आढळले. कोडे अधिकच अवघड झाले.

आरोपींची रांग

अशा वेळी संशयितांना तोटा नसतो. त्या एप्रिलमध्ये आधी ऊन तापले होते आणि मग एकदम हिमकडाका पडला होता. मग काय, ‘हवामानाने गवत बिघडले’ असे काहींनी म्हटले. गवतावर वाढणाऱ्या बुरशीचे विष हा दुसरा आरोपी. पांढऱ्या क्लोव्हरसारख्या चाऱ्यातील घटकांवरही संशय गेला.

आणखी एक आरोपी फारच भारदस्त होता. कुरणांच्या कुंपणालगत ‘ब्लॅक चेरी’ची रानटी झाडे आहेत. पक्षी चेरी खातात, कुंपणावर येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया पडून तेथेच रोपे उगवतात. या चेरीच्या पानांतून सायनाइड हे जहाल विष निर्माण होऊ शकते. त्या वर्षी या झाडांवर सुरवंटांची धाड आली होती. ‘ईस्टर्न टेंट कॅटरपिलर’ या नावाचे हे सुरवंट वसंताच्या आरंभी अंड्यांतून बाहेर येतात, फांद्यांच्या बेचक्यांत रेशमी तंबू विणतात आणि चेरीचा पाला फस्त करतात. पुरती वाढ झाली की कोशाची जागा शोधत ते झाडावरून उतरतात आणि कुंपणावरून, रस्त्यावरून, गवतातून हिंडत सुटतात. २००१ साली ते इतके होते, की कुंपणे त्यांनी काळी दिसत होती.

आता मनाशी विचार करा. सायनाइड विषारी आहे. ते पानांत आहे. पाने सुरवंटाच्या पोटात आहेत. सुरवंट आणि त्याची विष्ठा गवतात आहे. गवत घोडीच्या पोटात आहे. साखळी किती सुरेख जुळली! वर्गात कोणी असे उत्तर दिले असते तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

आणि ते उत्तर चुकीचे ठरले असते.

पटणारे आणि खरे

येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. स्पष्टीकरण पटले म्हणजे ते खरे ठरले, असे नाही. पटणे ही आपल्या मनाची गोष्ट आहे आणि खरे असणे ही घोडीच्या पोटातली गोष्ट आहे. मधले अंतर ओलांडायला पूल एकच, तो म्हणजे तुलना.

केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रथम फार्मांची तुलना केली. जेथे गाभ गेले तेथे काय होते आणि जेथे गेले नाहीत तेथे काय नव्हते? फार्मवाल्यांकडे याची उत्तरे तयार होती. कोणत्या घोडीला कोणत्या दिवशी जोड लावली, ती कोणत्या कुरणात चरत होती, तपासणी केव्हा झाली, याच्या नोंदी ते ठेवतात. जोडीची फी पुष्कळदा शिंगरू जिवंत जन्मले तरच द्यायची असते, म्हणून त्यांना त्या ठेवाव्याच लागतात! पैशासाठी ठेवलेल्या वह्या विज्ञानाच्या कामी आल्या. जेथे चेरीची झाडे आणि सुरवंट पुष्कळ, तेथे नुकसान अधिक, असे दिसून आले.

पण येथेही कावळ्याची भीती होतीच. झाडे आणि सुरवंट नेहमी बरोबरच असतात. मग दोषी कोण? झाड, सुरवंट, त्याची विष्ठा, की दोहोंना मानवणारे त्या वर्षीचे हवामान? नुसते पाहून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी प्रयोग हवा.

२००२ साली प्रयोग झाले. गाभण घोड्यांचे गट केले. एका गटाच्या चरण्याच्या जागेत सुरवंट आणि त्यांची विष्ठा टाकली, दुसऱ्याच्या जागेत नुसती विष्ठा, तिसऱ्याच्या जागेत काहीच नाही. बाकी सारे सारखे. गाभ गेले ते मुख्यतः सुरवंटांच्या गटात. म्हणजे विष्ठा सुटली आणि सुरवंट अडकला. घोड्यांना सायनाइड देणारा पदार्थ वेगळा देऊन पाहिला. गाभ गेले नाहीत. तो भारदस्त आरोपी निर्दोष ठरला.

मग सुरवंटाचीच फोड केली. गोठवून ठेवलेले सुरवंट दिले तरी गाभ गेले, पण वाफेच्या दाबाखाली तापवून निर्जंतुक केलेले दिले तेव्हा गेले नाहीत. सुरवंटाच्या आतला भाग वेगळा आणि बाहेरची कातडी वेगळी करून दिली. घात कातडीत होता.

कातडीवर असते काय? याचे उत्तर तुम्हांला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ‘सुरवंटाला हात लावू नकोस, खाज सुटेल’ हे लहानपणी कोणी ऐकले नाही? केस! या सुरवंटाच्या अंगावर बारीक, काटेरी केस असतात. सुरवंट चारलेल्या जनावरांच्या आतड्याच्या अस्तरात ते केस रुतलेले दिसले. यावरून पुष्कळ संशोधक असे मानतात, की केसांमुळे आतड्याला सूक्ष्म जखमा होतात, तेथे गुण्यागोविंदाने राहणारे जिवाणू त्या वाटेने रक्तात शिरतात आणि जेथे शरीराचा पहारा ढिला असतो तेथे, म्हणजे गर्भाभोवती, वाढतात. ओळखीचे जिवाणू भलत्या जागी कसे पोचले, हे कोडे असे सुटते. या साखळीचा प्रत्येक दुवा अजून पक्का झालेला नाही. पण सुरवंट हा दोषी आहे, याबद्दल आता शंका उरलेली नाही.

एक मोठी शिकवण पुढे आहे. सारे दुवे जुळेपर्यंत फार्मवाले हात बांधून बसले नाहीत. सुरवंटावर संशय पक्का होताच त्यांनी चेरीची झाडे तोडली, तंबू काढले, घोड्यांना त्या कुरणांपासून दूर ठेवले, काहींनी तोंडाला मुसके बांधली. २००२ च्या वसंतातही काही गाभ गेले, पण पुढे ही आपत्ती आटोक्यात आली. ‘कसे’ हे पूर्ण कळण्याआधी ‘कशाने’ हे कळले तरी पुष्कळ काम होते. फक्त ते ‘कशाने’ तुलनेच्या कसोटीतून गेलेले हवे.

दोन आक्षेप

काही वाचक विचारतील, की श्रीमंतांच्या शर्यतीच्या घोड्यांशी आम्हांला काय करायचे आहे? मला त्यांना एक जुनी गोष्ट सांगायची आहे. १९८० आणि १९८१ च्या वसंतातही त्याच केंटकीत असेच गाभ गेले होते. तेव्हा कारण सापडले नाही. ती फांदी का मोडली हे न कळताच लोक पुढे गेले आणि वीस वर्षांनी तीच आपत्ती कितीतरी मोठी होऊन परत आली. याउलट, २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीत घोड्या गाभ टाकू लागल्या, तेव्हा तेथल्या शास्त्रज्ञांना केंटकीचा अनुभव ठाऊक होता. त्यांनी त्यांच्याकडच्या केसाळ सुरवंटांकडे लक्ष वळवले आणि त्यांच्या प्रयोगांतही सुरवंटच दोषी ठरला. न सुटलेला प्रश्न संपत नसतो, तो परत येतो. सुटलेला प्रश्न मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कामी येतो. मग तो घोड्यांचा असो, कोंबड्यांचा असो की माणसांचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या प्रयोगांत गाभण घोड्यांना जाणूनबुजून सुरवंट दिले गेले आणि त्यांची शिंगरे गेली. हे योग्य होते का? मला हा प्रश्न टाळायचा नाही. हजारो घोड्यांवरचे संकट टाळण्यासाठी थोड्या घोड्यांवर प्रयोग करणे मी समर्थनीय मानतो, पण एका अटीवर. प्रयोग असा आखलेला पाहिजे, की त्यातून निश्चित उत्तर मिळेल. तुलनेचा गट न ठेवता, निष्काळजीपणे केलेला प्रयोग म्हणजे मुक्या जनावराचा जीव फुकट घालवणे होय. प्रयोगाची शिस्त ही नुसती शास्त्राची बाब नाही. ती दयेचीही बाब आहे. माझे हे मत सगळ्यांना पटेलच असे नाही. न पटल्यास वर्गात त्यावर जरूर वाद घालावा.

आपल्या प्रयोगवहीत काय असते?

आता माझ्या तक्रारीकडे वळतो. आपल्या शाळेतली प्रयोगवही उघडा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. चारही रकाने पुष्कळदा फळ्यावरून उतरवलेले असतात. अनुमान आधीच ठाऊक असते आणि निरीक्षण त्याला साजेसे लिहिले जाते. द्रावणाचा रंग बदलला नाही तरी वहीत तो बदलतोच! यातून विद्यार्थी रसायनांची नावे शिकतो, पण ‘हे दुसऱ्या कशाने झाले नसेल कशावरून?’ हा प्रश्न तो शिकत नाही. विज्ञानातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे.

यात शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. साठ मुलांचा वर्ग, चाळीस मिनिटांचा तास आणि डोक्यावर परीक्षा, ही अडचण मी जाणून आहे. म्हणून माझी मागणी लहानच आहे. वर्षातून एक प्रयोग असा करावा, की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि सरांना किंवा बाईंनाही ठाऊक नाही.

त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. मटकी फडक्यात घट्ट बांधली तरच मोड चांगले येतात, असे आजी म्हणते. आजीचे म्हणणे खरेही असेल. पण मोड कशामुळे येतात? बांधण्यामुळे, ओलाव्यामुळे, उबेमुळे, की अंधारामुळे? एकाच पिशवीतली मटकी सारखी भिजवून घ्या आणि तिचे वाटे करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारे सारखे ठेवा. प्रत्येक वाट्यात शंभर दाणे मोजून घाला आणि दोन दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजा. हाच प्रयोग वर्गातल्या दहा मुलांनी आपापल्या घरी करावा आणि आकडे फळ्यावर मांडावेत. आकडे जुळले नाहीत तर ते खोडू नका. का जुळले नाहीत, ते शोधा. केंटकीत विष्ठेचा आणि कातडीचा निवाडा ज्या रीतीने झाला, तीच रीत तुमच्या स्वयंपाकघरात आली असे समजा.

आणि एक सवय लावून घ्या. ‘अमक्यामुळे तमके झाले’ असे कोणी सांगितले, मग ते शेजारी सांगोत, वर्तमानपत्र सांगो की मोबाइलवर आलेला निरोप सांगो, तर भांडू नका, हसूही नका. एवढेच विचारा: ‘जेथे अमके नव्हते, तेथे काय झाले?’

केंटकीच्या त्या वसंतात ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांना सायनाइडसारखा भारदस्त आरोपी सोडून द्यावा लागला आणि कुंपणावरच्या एका क्षुद्र सुरवंटाचा केस हाती घ्यावा लागला. त्यापुढच्या वसंतांत ब्लूग्रासच्या कुरणांवर शिंगरे पुन्हा बागडू लागली, ती त्या प्रश्नामुळे.